मणक्यावरचा झटका आणि कर्करोगाची वेदना

कंबरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा, ही रीत गावाकडे अजून पुरती गेलेली नाही. हाडवैद्याकडून सांधा बसवून घेणं तर शहरातही चालतं. त्यामुळे पाठीवर नेमका दाब दिला, कट्‌कन आवाज झाला आणि दुखणं पळालं, ही कल्पना आपल्याला परकी नाही. गेल्या काही वर्षांत तिला कायरोप्रॅक्टिक हे नाव आणि मोबाइलचा पडदा मिळाला आहे. मान वळवताना, पाठ मोडताना माइक जवळ धरून काढलेली रीलं लाखो लोक पाहतात. त्यांत केमो संपवून घरी बसलेली, पाठीने हैराण झालेली माणसंही असतात. गोळ्यांचा कंटाळा आलेला असतो, मॉर्फिनचं नाव निघालं की घरातले एकमेकांकडे बघू लागतात. अशा वेळी ‘औषधाविना आराम’ एवढं वाचलं तरी माणूस फोन उचलतो.

मुख्य उपचार चालू ठेवून, केवळ वेदनेपुरती कर्करोगाच्या रुग्णाने कायरोप्रॅक्टिकची मदत घ्यावी का? अमेरिकेत हा प्रश्न बराच जुना आहे. तिथल्या काही खासगी कर्करोग रुग्णालयांनी कायरोप्रॅक्टर पदरी ठेवूनही पाहिले. माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना त्यावर डोळा ठेवता येईल. कायरोप्रॅक्टिकची जी खास ओळख, तो मणक्यावरचा झटका, कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांसाठी एकतर निरुपयोगी आहे किंवा धोक्याचा. आणि त्या दालनात जे खरोखर उपयोगी पडतं ते कायरोप्रॅक्टिकच्या मालकीचं नाही. ते फिजिओथेरपिस्टकडे, मसाज करणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडे आणि पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरकडे जास्त खात्रीने मिळतं. याला एक छोटा अपवाद आहे, तोही पुढे येईल.

‘कर्करोगाची वेदना’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्या नावाखाली निदान चार वेगळी दुखणी राहतात. पहिलं, गाठीचं स्वतःचं: हाडात शिरलेली, नसेवर बसलेली, आतड्याला ताण देणारी. दुसरं उपचारांनी दिलेलं. केमोनंतर तळहात-तळपायांना मुंग्या येतात, आग होते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा धरतो. तोंडाच्या कर्करोगात मानेच्या गाठी काढल्या की खांदा खाली ओघळतो आणि हात डोक्याच्या वर जात नाही. तिसरं, पडून राहिल्याने आणि स्नायू झिजल्याने येणारं. चौथं, कर्करोगाशी काही देणंघेणं नसलेलं, साठीतल्या कुणाच्याही कंबरेचं असतं तसं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की बरं होण्याच्या दृष्टीने केलेले उपचार संपल्यानंतरही सुमारे ३९ टक्के रुग्णांना वेदना असते. उपचार चालू असताना ५५ टक्क्यांना आणि आजार पसरलेला असताना ६६ टक्क्यांना. म्हणजे बऱ्या झालेल्या दहांतले चारजण दुखणं घेऊन जगतात आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायला फारसं कुणी रिकामं नसतं. कर्करोगतज्ज्ञाच्या ओपीडीत रांग असते. रिपोर्ट ‘क्लीन’ आला की पुढचा रुग्ण. कायरोप्रॅक्टर तेच पाऊण तास देतो, पाठीला हात लावतो, कुठे दुखतं ते विचारतो. रुग्ण तिकडे वळतात यात त्यांचा भोळेपणा शोधण्यात अर्थ नाही.

आता या पद्धतीचं कूळ. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचा गृहस्थ चुंबकीय उपचार करत असे. १८९५च्या सप्टेंबरात त्याने त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड या बहिऱ्या माणसाच्या पाठीतला एक मणका हाताने दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा त्याचा दावा होता. कानाची नस पाठीच्या मणक्यातून जात नाही, हे शरीरशास्त्राचं पहिलं पुस्तक उघडणाऱ्यालाही कळेल. पण पामरने त्यावरून सिद्धान्त उभा केला: मणका किंचित जागचा हलला की नसेतला प्रवाह अडतो आणि जवळपास सगळे रोग त्यातून होतात. या हललेल्या मणक्याला तो ‘सबलक्सेशन’ म्हणे. १८९७मध्ये शाळा निघाली. १९०६मध्ये विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल पामर तुरुंगात गेला. त्याचा मुलगा बी. जे. याने हा धंदा देशभर पसरवला.

पुढची साठ-सत्तर वर्षं डॉक्टरांची संघटना आणि कायरोप्रॅक्टर यांचं उभं वैर होतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमली, तिचं मुख्य लक्ष्य हेच लोक. १९७६मध्ये चेस्टर विल्क आणि त्याच्या साथीदारांनी उलट खटला भरला. १९८७मध्ये न्यायालयाने असोसिएशनने बेकायदा बहिष्कार टाकल्याचा निवाडा दिला. कायरोप्रॅक्टर आजही हा निकाल अभिमानाने सांगतात. पण तो खटला स्पर्धेच्या कायद्याखालचा होता. पद्धत गुणकारी आहे असं प्रमाणपत्र त्यातून मिळालेलं नाही. एव्हाना लुइझियानासह (तिथे १९७४) सगळ्या राज्यांनी परवाना द्यायला सुरुवात केली होती. ब्रिटनमध्ये १९९४च्या कायद्याने त्यांची परिषद झाली आणि त्याच परिषदेने २०१०मध्ये सांगून टाकलं की सबलक्सेशन ही इतिहासातली कल्पना आहे, ते रोगाचं कारण असल्याच्या दाव्याला संशोधनाचा आधार नाही. त्यामुळे आज या व्यवसायात दोन घरं दिसतात. एक घर पामरच्या सिद्धान्ताला धरून आहे आणि पोटदुखीपासून दम्यापर्यंत सगळ्याला मणका जबाबदार धरतं. दुसरं घर स्वतःला कंबर-मानेच्या दुखण्यापुरतं बांधून घेतं, व्यायाम देतं, शंका आली की डॉक्टरकडे पाठवतं. कर्करोगाच्या रुग्णाच्या दृष्टीने या दोन घरांतलं अंतर फार मोलाचं आहे, पण दारावरची पाटी दोघांची सारखीच असते.

झटका म्हणजे नेमकं काय होतं ते जरा जवळून पाहू. रुग्णाला कुशीवर निजवतात, वरचा गुडघा दुमडून पुढे घेतात, खांदा मागे रेटतात. पाठीचा सांधा जिथवर सहज फिरतो त्या टोकाला नेऊन तिथलं ढिलेपण काढून घेतात आणि मग एक छोटा, फार वेगाचा धक्का देतात. हालचाल थोडीच असते, पण रुग्णाने स्नायू आवळण्याआधी ती पुरी झालेली असते. तीच तर हातोटी. कट्‌ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये वंगणासारखा द्रव असतो. पृष्ठभाग एकदम अलग झाले की त्यात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०१५मध्ये बोटाचा सांधा एमआरआय यंत्रात ओढून ही पोकळी तयार होताना टिपली गेली. बोटं मोडताना आपण रोज हेच करतो. धक्क्यानंतर काही वेळ स्नायू सैलावतात, मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश थोडे दबतात आणि माणसाला हलकं वाटतं. हे हलकं वाटणं खरं असतं. त्यासाठी मणका सरकलेला असावा लागत नाही आणि झटक्याने तो बसतही नाही.

साध्या कंबरदुखीवर याचा किती उपयोग होतो, यावर चांगलं संशोधन झालं आहे. अचानक सुरू झालेल्या कंबरदुखीवरच्या २६ चाचण्यांचा आढावा २०१७मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. शंभराच्या मापावर वेदना साधारण दहा अंकांनी उतरते, असं त्यात निघालं. जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्या आणि नऊ हजारांवर रुग्ण एकत्र करून २०१९मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलेला निष्कर्ष असा की मणक्याची हाताळणी व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकीच चालते, त्यांच्यापेक्षा सरस नाही, कमीही नाही. २०१७मध्येच अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने कंबरदुखीवरच्या बिगरऔषधी उपायांत तिला जागा दिली. तर निरोगी माणसाच्या कंबरेपुरता हा उपाय थट्टेवारी नेण्याजोगा नाही. पण अशा चाचण्यांत कर्करोगाचे रुग्ण बहुधा घेतलेच जात नाहीत. ज्याच्या दुखण्यामागे गाठ, हाडाचं मोडणं किंवा जंतुसंसर्ग असू शकतो त्याला दारातच वगळायचं, हा या चाचण्यांचा नेम. म्हणून त्यांचे आकडे उचलून कर्करोगाच्या रुग्णाला लावणं म्हणजे ज्या परीक्षेला तो बसलाच नव्हता तिचं प्रगतिपुस्तक त्याच्या हातात देणं.

मग कर्करोगाच्या रुग्णांवरचा पुरावा कुठे आहे? शोधायला गेलं तर बहुतेक एकेका रुग्णाच्या हकिकती हाती लागतात. फुप्फुसाचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग असलेला एक रुग्ण कायरोप्रॅक्टरकडे आला, काही भेटींत दुखणं उतरलं, गोळ्या कमी झाल्या. अशा हकिकती कायरोप्रॅक्टिकच्याच नियतकालिकांत येतात. त्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. पण एका रुग्णाच्या बाबतीत त्याच महिन्यात मॉर्फिनची मात्रा बदलली होती का, रेडिएशनचा परिणाम उशिरा दिसू लागला होता का, की दुखणं आपोआप चढतं-उतरतं तसं उतरलं, हे सांगता येत नाही. ज्यांचं दुखणं वाढलं त्यांच्यावर लेख लिहायला कुणी बसत नाही. मोठ्या, चिठ्ठी टाकून दोन गट पाडलेल्या आणि तुलना केलेल्या चाचणीवर बोट ठेवावं अशी परिस्थिती नाही.

तुलनेला शेजारचे उपाय घेतले की हा रिकामेपणा जास्त जाणवतो. स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात आणि त्यांनी सांधे धरतात, इतके की कित्येक बायका गोळीच सोडून देतात. अमेरिकेतल्या ११ केंद्रांवर अशा २२६ बायकांवर अ‍ॅक्युपंक्चरची चाचणी झाली. निकाल २०१८मध्ये आला. एका गटाला खऱ्या जागी सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर, तिसऱ्याला काहीच नाही. दहाच्या मापावर खऱ्या गटाची वेदना दोन अंकांनी उतरली, उरलेल्या दोघांची एकेकाने. फरक एका अंकाचा. आनंदाने उड्या मारण्याजोगा नाही, पण मोजून मिळालेला आहे. पसरलेल्या कर्करोगाच्या ३८० रुग्णांवर २००८मध्ये मसाज आणि नुसता स्पर्श यांची तुलना झाली. दोन्हींनी लगेच बरं वाटलं, मसाजने थोडं जास्त. परिणाम टिकला मात्र नाही. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांच्याच सांधेदुखीवर १२१ बायकांना वर्षभर व्यायाम दिला तेव्हा सर्वाधिक वेदनेचा अंक २९ टक्क्यांनी खाली आला. ब्रिटनमध्ये ३९२ बायकांवर झालेल्या चाचणीत स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली लवकर सुरू केलेल्या व्यायामाने वर्षानंतर हात चांगला चालत होता, दुखणंही कमी होतं. २०२२मध्ये कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पूरक उपचारवाल्यांच्या अमेरिकेतल्या दोन मोठ्या संस्थांनी मिळून वेदनेवर मार्गदर्शिका काढली. तीत सांधेदुखीला अ‍ॅक्युपंक्चर आहे, तपासणीच्या वेळच्या दुखण्याला संमोहन आहे, अखेरच्या काळातल्या रुग्णाला मसाज आहे. मणक्याच्या झटक्याची शिफारस नाही. लिहिणारे लोक पूरक उपचारांचे वैरी नव्हते, हे इथे लक्षात घेण्यासारखं.

पुरावा नाही एवढ्यावर थांबता आलं असतं तर ‘बघा करून’ म्हणून सोडून देता येतं. पण इथे धोका आहे आणि तो समजायला मणका आतून बघावा लागतो. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांचे कर्करोग हाडांत शिरायला सोकावलेले असतात, आणि हाडांत त्यांचं पहिलं आवडतं ठिकाण मणका. कटिभाग आणि छातीतून मणक्यांकडे जाणाऱ्या शिरांचं जाळं झडपांविना असतं. खोकताना-शिंकताना रक्त तिथे उलटही वाहतं आणि पेशींना वाट मिळते. मणक्याचा पुढचा भाग जाड ठोकळ्यासारखा, मागच्या बाजूला दोन छोट्या खांबांवर हाडाची कमान, आणि त्या कमानीतून मज्जारज्जू जातो. गाठ ठोकळा आणि खांब पोखरते. समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये निरोगी मणक्याचे दोन खांब दोन डोळ्यांसारखे दिसतात. एक खांब खाल्ला गेला की एक डोळा मिटतो. डॉक्टर त्याला डोळा मारणारं घुबड म्हणतात. पण हे चिन्ह दिसायला हाडाचा तिसरा हिस्सा ते अर्धं हाड नाहीसं व्हावं लागतं. त्याआधीचा एक्स-रे साफ येतो. ‘एक्स-रे केला होता, नॉर्मल आहे’ हे वाक्य म्हणूनच कर्करोगाच्या रुग्णाच्या पाठीबाबत धीर देणारं नाही. एमआरआय लागतो.

अशा पोखरलेल्या मणक्याला वेगाचा पीळ दिला तर तो दबू शकतो, तुकडा मागे सरकून मज्जारज्जूवर बसू शकतो. सकाळी चालत गेलेला माणूस संध्याकाळी पाय हलवू शकत नाही, लघवी अडते. न ओळखलेला पसरलेला कर्करोग किंवा मायलोमा असताना पाठ मोडून घेतल्यावर असं झाल्याच्या हकिकती वैद्यकीय वाङ्मयात आहेत. मायलोमाची गोष्ट तर वेगळीच सांगायला हवी. हाडांतल्या मज्जेच्या या कर्करोगाची पहिली तक्रार कित्येकदा पाठदुखीच असते, त्यामुळे रुग्णाला आपल्याला कर्करोग आहे हे ठाऊकच नसतं आणि तो सरळ ‘पाठीवाल्या’कडे जातो.

गाठ मणक्यात नसली तरी उपचारांचे ओरखडे राहतात. लेट्रोझोलने आणि प्रोस्टेटच्या हार्मोन बंद करणाऱ्या इंजेक्शनांनी हाडं ठिसूळ होतात, स्टिरॉइडने आणखी. केमोनंतर प्लेटलेट उतरलेल्या असल्या तर साध्या दाबानेही आत रक्त साकळतं. मानेला रेडिएशन मिळालेलं असेल तर तिथल्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात आणि मानेचा झटका हा एरवीही सर्वांत वादग्रस्त प्रकार. मानेतल्या धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं निरोगी माणसांतही नोंदलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणाची आणि सुरक्षेची मार्गदर्शिका काढली. त्यात मणक्याचा कर्करोग, मज्जारज्जूची गाठ, स्नायू वा मऊ भागातली कर्करोगाची गाठ, बसवलेले स्क्रू-पट्ट्या, ताजं हाड मोडणं आणि मणक्याचा जंतुसंसर्ग, यांत झटका देऊ नये असं स्पष्ट लिहिलं आहे. जंतुसंसर्गात मणक्याचा टीबीही आला. आपल्याकडे हा मुद्दा अमेरिकेपेक्षा जास्त लागू होतो, कारण रात्री वाढणारी पाठदुखी आणि उतरलेलं वजन यांमागे कर्करोग नसला तर टीबी निघण्याची शक्यता इथे खरीखुरी असते.

आता तो छोटा अपवाद. साठीची एक बाई आहे असं धरा. सात वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले, आता गोळ्याही बंद आहेत. बाग खणताना कंबर धरली. झोपलं की बरं वाटतं, वाकलं की दुखतं. रात्री जाग येत नाही, वजन स्थिर आहे. तिच्या कर्करोगतज्ज्ञाने तपासलं, एमआरआयमध्ये आजार नाही, हाडांची घनता ठीक आहे. या बाईची कंबर ही इतर कुणाच्याही कंबरेसारखी मानायला हरकत नाही आणि तिने माहीतगार हाताकडून हाताळणी करून घेतली तर मी आक्षेप घेणार नाही. तरी तिला आधी फिजिओथेरपिस्टचं दार दाखवीन, कारण तिथून ती व्यायाम शिकून परत येईल. कायरोप्रॅक्टिकच्या काही दालनांत भेटींचं पॅकेज विकतात, तेही आगाऊ पैसे घेऊन. दुखणं बरं झालं तरी ‘देखभाली’साठी या म्हणतात. कर्करोगाने खिसा आधीच रिकामा केलेल्या घराला हे परवडत नाही. हळू हाताने, झटक्याविना सांधा हलवणं, स्नायू चोळणं, बसण्या-उठण्याची ढब सुधारणं या गोष्टी चांगले कायरोप्रॅक्टर कर्करोगाच्या रुग्णांबाबत करतात आणि झटका टाळतात. मग प्रश्न उरतो तो एवढाच की झटका वगळल्यावर त्यात कायरोप्रॅक्टिक म्हणून काय उरलं.

महाराष्ट्रात हा प्रश्न पाटीशी येऊन अडतो. इथे फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांची राज्य परिषद आहे. २०२१च्या केंद्रीय कायद्यानेही फिजिओथेरपिस्टला संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांत स्थान दिलं. कायरोप्रॅक्टरसाठी अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. परदेशात चार वर्षांचा अभ्यास करून आलेला माणूस आणि शनिवार-रविवारच्या शिबिरात हात शिकलेला माणूस एकच शब्द दारावर लावू शकतात. तक्रार कुठे करायची याचंही उत्तर सरळ मिळत नाही. एखाद्याने कर्करोगाचा पूर्वेतिहास विचारलाच नाही तर त्याला जाब विचारणारं कुणी नाही. रीलमध्ये तर पूर्वेतिहास विचारतानाचा भाग कापलेलाच असतो, कारण तो बघायला कंटाळवाणा. पण कर्करोगाच्या रुग्णासाठी सगळ्या भेटीतला मोलाचा भाग तोच आहे. १९८८मध्ये पाठदुखीच्या १९७५ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतल्या १३ जणांना कर्करोग निघाला, शंभरांत एकही नाही. साध्या पाठदुखीत कर्करोग इतका विरळ. पण आधी कर्करोग झालेला असणं हा त्या अभ्यासात सर्वांत बोलका इशारा ठरला. एक प्रश्न विचारून हा धोका कळतो.

गंमत अशी की खऱ्या कर्करोगाच्या वेदनेवर उपाय बऱ्यापैकी ठरलेले आहेत आणि ते अपुरे वापरले जातात. हाडात एकाच जागी दुखत असेल तर रेडिएशनचा एक डोस, आठ ग्रेचा, अनेक दिवसांच्या डोसांइतकाच वेदना उतरवतो. रुग्णाला रोज मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडसारखी इंजेक्शनं हाड मोडण्याचा धोका कमी करतात. आणि मॉर्फिन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६मध्ये तीन पायऱ्यांची शिडी सांगितली: साधी वेदनाशामकं, मग सौम्य अफूजन्य, मग मॉर्फिन, तोंडाने, घड्याळ लावून, दुखेपर्यंत वाट न बघता. गंमत यासाठी म्हटलं की मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, भारत औषधी अफू निर्यात करतो. आणि १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. परवान्यांच्या कटकटीने औषधवाल्यांनी गोळी ठेवणंच सोडलं. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या साथीदारांनी १९९३पासून कोळिकोडहून या कोंडीवर काम केलं. २०१४मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिनसह काही औषधांसाठी एकाच राज्य यंत्रणेची परवानगी पुरेशी झाली. कागदावरचं कुलूप उघडलं. लिहून देणारे डॉक्टर मात्र अजून थोडे आहेत, आणि घरोघरी ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ हा समज तसाच आहे.

मुंबईत वांद्र्याला १९८६मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात १९९७पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. टाटा मेमोरिअलमध्ये या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे पहिल्याच भेटीत शून्य ते दहामध्ये दुखणं किती ते विचारतात आणि पुढच्या भेटीला पुन्हा विचारतात. दुखणं कधी वाढतं, रात्री की चालताना, कशाने उतरतं, जळतं की ठणकतं, याची वही ठेवायला सांगतात. जळणाऱ्या नसेच्या दुखण्याला वेगळं औषध लागतं. केमोच्या मुंग्यांवर अमेरिकन कर्करोगतज्ज्ञांची संघटना ड्युलोक्सेटिन या एकाच गोळीची शिफारस करते. मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून देतात, कारण बद्धकोष्ठ हा त्याचा न चुकणारा दुष्परिणाम. हे न सांगितल्यामुळे कित्येकजण आठवड्यात गोळी सोडतात आणि ‘मॉर्फिन मानवलं नाही’ म्हणतात. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे तंबाखूमुळे मुबलक. त्यांचा जबडा उघडावा म्हणून आणि खांदा वर यावा म्हणून फिजिओथेरपिस्ट आठवडेच्या आठवडे खपतो. त्याचं रील कुणी काढत नाही.

पूरक उपचार घ्यायचाच असेल तर एक गोष्ट आकड्यांनी दाखवून दिलेली आहे. अमेरिकेतल्या नोंदींवरून २०१८मध्ये एक अभ्यास आला: पूरक उपचार घेणारे २५८ रुग्ण आणि तसे न घेणारे १०३२. पहिल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट निघाला. पण शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांतलं काही नाकारणं जमेस धरल्यावर तो फरक उरला नाही. म्हणजे मारक ठरतं ते नाकारणं. पाठदुखीत नुसतं पुढे ढकलणंही महाग पडतं, कारण ‘आणखी चार सिटिंग बघू’ म्हणण्यात तीन आठवडे सहज जातात. मज्जारज्जू दबलेला रुग्ण उपचाराच्या वेळी चालता असेल तर बहुधा चालता राहतो. पाय गेल्यावर आलेला क्वचितच उठून उभा राहतो.

म्हणून ज्याला कधीही कर्करोग झाला आहे त्याच्या घरातल्या माणसांनी पुढच्या खुणा माहीत करून ठेवाव्यात. नव्याने सुरू झालेली आणि वाढतच जाणारी पाठदुखी, विशेषतः दोन खांद्यांच्या मधोमध. आडवं झाल्यावर किंवा रात्री वाढणारी. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी. खोकला-शिंक आली की कळ. पाय जड वाटणं, जिना चढताना गुडघ्यातून जाणं, चप्पल पायातून निसटलेली न कळणं. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागेला बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं. मज्जारज्जूवर दाब आलेल्या दहांतल्या नऊ रुग्णांत पाठदुखी ही पहिली तक्रार असते आणि पाय जाण्याआधी बहुधा काही आठवडे ती सांगत असते. नुसती पाठ तशी दुखत असेल तर त्याच आठवड्यात एमआरआय व्हायला हवा. पायांची किंवा लघवीची तक्रार सुरू झाली असेल तर चोवीस तासांच्या आत, आणि तोवर स्टिरॉइडचं इंजेक्शन सुरू करायचं की नाही ते कर्करोगतज्ज्ञाने ठरवायचं. तो फोन उचलत नसेल तर रिपोर्टची फाइल घेऊन सरळ मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जावं, रुग्णाला आडवा ठेवून, आणि दारातच सांगावं की कर्करोगाचा रुग्ण आहे आणि पाय जड झालेत.